ओक, साग आणि अक्काची पेटी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात इंग्रजी कविता शिकवत होतो. कवितेत ओकचे झाड आले. मी पुढच्या ओळीकडे वळणार, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ओक म्हणजे नेमकं कुठलं झाड? आम्हाला ओक आडनाव माहीत आहे, झाड नाही."

वेळ निभावून नेण्यात आम्हा प्राध्यापकांचा हात कोणी धरणार नाही. मी म्हटले, "ओक म्हणजे तिकडचा सागच समज."

"मग कन्नडात तेग म्हणायचं का, सर?" दुसऱ्याने विचारले आणि वर्ग खो-खो हसत सुटला. का, ते तुम्हा दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना सांगायला नको. कन्नडात तेग म्हणजे साग आणि तेग म्हणजे ढेकरही. मराठीत 'ओक' या शब्दाचे जे होते ते तर आणखी वाईट. कवितेचा तास पचनाचा तास होऊन संपला.

घरी आल्यावर मात्र माझे उत्तर मलाच टोचू लागले. ओक आणि साग यांचे शास्त्राच्या दृष्टीने काहीच नाते नाही. इंग्लंडचा ओक हा चेस्टनटच्या कुळातला. त्याच्या पानांच्या कडा नागमोडी आणि फळ टोपी घातलेल्या सुपारीसारखे. हिमालयात आणि ईशान्येकडे ओकच्या जाती आहेत, उत्तराखंडातला 'बांज' त्यातलाच. आपल्या दख्खनच्या रानात मात्र तो आपोआप उगवत नाही. आणि आपला साग? त्याला आता शास्त्रज्ञ चक्क तुळशीच्या कुळात धरतात. अंगणातल्या वृंदावनात वीतभर वाढणारी तुळस आणि रानातला शंभर फुटी साग हे एका घराण्यातले!

तरीही इंग्रजांनी सागाला 'इंडियन ओक' म्हटले होते. म्हणजे माझी चूक निदान जुनी तरी होती. तसे का म्हटले असावे, याचा उलगडा मला झाला तो दिवाळीच्या सुटीत, आणि तोही सुरतेत.

सुरतेला माझी थोरली बहीण असते. आमच्या घरात अर्धे मराठी, अर्धे कन्नड. आई धारवाडकडची, म्हणून ती अव्वा, वडील अप्पा आणि बहीण अक्का. 1989 साली लग्न होऊन अक्का सुरतेला गेली. दाजी कापडाच्या प्रोसेसिंगच्या कामात होते. इतक्या वर्षांत तिच्या बोलण्यात गुजरातीही मिसळली आहे. पण फोन उचलला की पहिला प्रश्न अजून तोच, "तम्मा, ऊटा आतेनु?"

ऑक्टोबरात तिचा फोन आला, त्यात जेवणाची चौकशी नव्हती. "भाचा तुझा घर नवं करतोय. पेटी काढायची म्हणतो. तुला हवी असेल तर येऊन घेऊन जा."

पेटी म्हणजे आमच्या अज्जांची सागवानी पेटी. आईचे वडील दांडेलीच्या लाकूड डेपोत हिशेबनीस होते. त्यांनी ती तिथल्याच एका सुताराकडून करून घेतली होती. लहानपणी सुटीत आम्ही दांडेलीला जायचो, तेव्हा अज्जा सागाचे कोवळे पान तळहातावर चुरडून दाखवायचे. हात लालभडक व्हायचा, मेंदी लावल्यासारखा. अव्वाच्या लग्नात ती पेटी आमच्या घरी आली आणि अक्काच्या लग्नात सुरतेला गेली. कपडे, भांडी, दिवाळीची आकाशकंदिलाची चौकट, सगळे तिच्यात मावायचे.

खरे सांगायचे तर मला ती पेटी हवीच होती. थोडी माया, थोडा लोभ. जुन्या सागाला आज काय भाव आहे, हे मलाही ठाऊक होते. रात्रीच्या गाडीने पुणे, तिथून सुरत असा प्रवास करून मी दारात उभा राहिलो, तेव्हा भाचा हसून म्हणाला, "मामा, मी काही पेटीचा वैरी नाही. पण दोन खोल्यांत पाच माणसं. ही हलवायला चार जण लागतात. जुन्या लाकडाच्या वखारीवाला बघून गेलाय, चांगले पैसे देतो म्हणतो."

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. जागेची अडचण ज्याला सोसावी लागते त्याला बाहेरून येऊन संस्कृती शिकवणे सोपे असते. मी गप्प बसलो.

संध्याकाळी दाजींबरोबर तापीकाठी फिरायला गेलो. सुरत म्हटले की आपल्याला 1664 आणि 1670 ही दोनच साले आठवतात. पण या शहराची आणखी एक ओळख होती, ती जहाजे बांधणाऱ्यांची. डांगच्या आणि आसपासच्या रानातला साग या बाजूला उतरत असे आणि पारशी सुतार त्याची जहाजे करत. त्यांच्यातलेच एक लवजी नसरवानजी वाडिया. ईस्ट इंडिया कंपनीने 1736 मध्ये त्यांना काही सुतारांसह सुरतेहून मुंबईला नेले. 1750 मध्ये मुंबईत कोरडी गोदी झाली आणि पुढे लवजींच्या नातवंडा-पतवंडांनी तिथे ब्रिटिश आरमारासाठी जहाजे बांधली. 1810 चे 'मिंडेन' हे ब्रिटनच्या बाहेर बांधलेले त्यांचे पहिले मोठे लढाऊ जहाज. 1817 मध्ये पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' तर आजही तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे. त्याचा साग मलबारचा.

आता मुंबईला जहाजे बांधायची वेळ का आली? तर ओक संपत आला म्हणून. नेल्सनचे 'व्हिक्टरी' हे जहाज बांधायला सुमारे 6000 झाडे लागली होती, त्यांतली बहुतेक ओकची. नेपोलियनशी लढाया सुरू झाल्या आणि ब्रिटनमध्ये जहाजाजोगा ओक मिळेना. तेव्हा साग पुढे आला आणि काही बाबतीत सरस ठरला. ओकमध्ये टॅनिन भरपूर, म्हणून कातडी कमवायला त्याची साल वापरत. पण तेच टॅनिन लोखंडी खिळ्याला खाते. सागात उलट तेलाचा अंश असतो, त्यामुळे खिळाही टिकतो आणि वाळवीही तोंड लावायला कचरते. गंमत म्हणजे विसाव्या शतकात त्या 'व्हिक्टरी'ची डागडुजी झाली, तेव्हा कुजलेल्या ओकच्या जागी कित्येक ठिकाणी साग बसवला गेला.

दाजी ऐकत होते. ते म्हणाले, "साहेब, मला जहाजाचं ठाऊक नाही. पण 2006 मध्ये पेटीच आमचं जहाज झाली होती."

ऑगस्ट 2006 चा सुरतेचा पूर तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. उकाई धरणातून पाणी सोडले आणि बहुतांश शहर पाण्याखाली गेले. अक्का तेव्हा अडाजणला तळमजल्यावर राहत होती. तीन दिवस ती मंडळी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. खाली उतरले तेव्हा भुशाच्या पाट्यांचे नवे कपाट भिजल्या बिस्किटासारखे फुगून फुटले होते. पेटीत गुडघाभर गाळ होता. अक्काने ती धुतली, सावलीत महिनाभर वाळवली. झाकण पूर्वीसारखेच बसले.

दुसऱ्या दिवशी भाच्याने मिस्त्रीला बोलावले होते, पेटी उचलण्याआधी बिजागऱ्या सोडवायला. अक्का पेटी रिकामी करू लागली. पैठणी, पितळी समई, माझ्या मुंजीचे फोटो. वरच्या कप्प्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी निघाली. तिच्यात पुराच्या पाण्याचे डाग पडलेला एक जाड कागद होता. वर हिरव्या शाईत सागाच्या झाडाचे चित्र.

मी तो कागद ओळखला. 1994 साल. तेव्हा मी दहावीत होतो. अप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक. त्या काळात सागवान लागवडीच्या कंपन्यांचे पेव फुटले होते. वर्तमानपत्रात पानपानभर जाहिराती असत. आज काही हजार भरा, तुमच्या नावाने झाडे लावू, वीस वर्षांनी लाखो रुपये घ्या. अप्पांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून पैसे भरले. दोन-तीन वर्षे कंपनीची पत्रे आली, मग ती थांबली आणि एके दिवशी कार्यालयाला कुलूप लागले. अशा योजनांसाठी सेबीने 1999 मध्ये नियम केले. आमच्यासारख्या असंख्य घरांचे पैसे तोवर बुडाले होते. अप्पांनी या विषयावर पुन्हा कधी तोंड उघडले नाही. 2011 मध्ये ते गेले. मी समजत होतो, झाडे माझ्या नावाने असतील.

कागदावर नाव भाच्याचे होते. 1994 मध्ये तो दोन वर्षांचा होता.

"अप्पांनी मला दिला होता," अक्का म्हणाली. "म्हणाले, नातवाच्या शिक्षणाला होईल. कंपनी बुडाल्यावर एकदा इथे आले होते, तेव्हा या पेटीवरच बसून राहिले बराच वेळ. कागद फाडून टाकू का विचारलं, तर म्हणाले, राहू दे."

भाचा कागद हातात घेऊन पाहत राहिला. झाडांचे क्रमांक होते, एकक होते, सही होती. झाड मात्र कोणी पाहिले नव्हते.

मिस्त्री बिहारकडचा, पन्नाशीचा. त्याला आमच्या शांततेचा अर्थ लागला नसावा. तो झाकणाच्या फळीची कड बोटाने चाचपत होता. म्हणाला, "साहब, ये माल अब नहीं मिलता. देखिए, कितनी बारीक लकीरें हैं." त्याने पॉलिशपेपरने ती कड घासली, थुंकी लावून पुसली आणि रेषा वर आल्या. वर्षवलये.

इथे ओक आणि साग पुन्हा एकत्र येतात. दोघेही पानझडी. ओक थंडीच्या भीतीने पाने टाकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाने तांबूस होऊन गळतात, आणि एप्रिलपर्यंत झाड उघडे. साग थंडीला भीत नाही, तो कोरड्या दिवसांना भितो. पाणी आटू लागले की ताटाएवढी पाने खाली टाकून देतो. दांडेलीच्या रस्त्याने मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर सागाचे रान जळाल्यासारखे दिसेल. वळवाचे दोन पाऊस झाले की तेच रान पालवते. म्हणजे दोन्ही झाडे आपापल्या दुष्काळात दुकान बंद ठेवतात. वाढ थांबते आणि पुन्हा सुरू होते. सुरुवातीच्या लाकडात मोठी छिद्रे, नंतरच्या लाकडात बारीक. त्या दोहोंच्या सीमेवर एक रेघ उमटते. एक रेघ, एक वर्ष. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांत अशी स्पष्ट वलये उमटत नाहीत, सागात ती उमटतात. पाऊस चांगला झाला तर वलय रुंद, दुष्काळ पडला तर अरुंद. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी केरळातल्या सागाच्या वलयांवरून 1481 पासून 2003 पर्यंतचा, म्हणजे 523 वर्षांचा आलेख तयार केला आणि त्यात मोसमी पावसाच्या दुष्काळांच्या खुणा शोधल्या. झाड खोटा हिशेब लिहीत नाही.

मी चष्मा काढून मोजू लागलो. भाचा मोबाइलचा उजेड धरून बसला. वीसला पोहोचलो तेव्हा बोट फळीच्या चौथ्या हिश्शालाही गेले नव्हते. चाळीस. साठ. एका ठिकाणी पाच-सहा रेषा केसासारख्या जवळजवळ होत्या, सलग कोरडी वर्षे असावीत. बहात्तरपर्यंत मोजले, पुढे कड तासलेली होती. आणि ही झाडाची नव्हे, त्यातल्या एका फळीची वर्षे.

मी आकडा सांगितला तेव्हा अक्का एवढेच म्हणाली, "ही पेटी तर 89 पर्यंत आपल्याच घरात होती."

तिला काय म्हणायचे होते ते आम्हाला सगळ्यांना कळले. 1994 मध्ये पेटी सुरतेत होती आणि अप्पा गावी. पण त्याआधी कितीतरी वर्षे ते त्या पेटीजवळ झोपत असत. वीस वर्षांत साग वाढतो, हे खरे. उंच होतो, हिरवा दिसतो. पण त्याच्या बुंध्यात बाहेरचे पांढरे लाकूड बरेच असते, काळसर सोनेरी गाभा थोडा. वाळवीला दाद न देणारे तेल त्या गाभ्यात असते. कंपनीने विकली ती उंची. गाभ्याला लागणारा काळ जाहिरातीत नव्हता.

अप्पांना मी दोष देत नाही. त्यांना घाई स्वतःसाठी नव्हती, नातवासाठी होती. पण लोभ आणि माया यांची सरमिसळ झाली की शहाण्या माणसाचाही हिशेब चुकतो. माझाही चुकतच होता. मीही भाव मनात धरूनच सुरतेला आलो होतो.

आपल्या पूर्वजांना हा काळ ठाऊक होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विषय आहे. साग लागला तर परवानगी घेऊन तोडावा, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. इंग्रजांनाही ते कळले, पण रान ओरबाडून झाल्यावर. 1842 मध्ये त्यांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगले भाडेपट्ट्याने घेतली, ती सागासाठीच. मलबारात नीलांबूरला सागाची लागवड सुरू झाली ती 1846 च्या सुमारास. ज्यांनी ती रोपे लावली त्यांना त्यांचे लाकूड पाहायला मिळणार नव्हते.

तो डांग जिल्हा सुरतेपासून फार दूर नाही. तिथल्या डांगी बोलीत मराठी, अहिराणी, गुजराती एकत्र नांदतात. तो कोणत्या राज्यात जावा यावरही एके काळी वाद झाला आणि 1960 मध्ये तो गुजरातेत गेला. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला त्यात नवल वाटणार नाही. सागाला मात्र मराठीत साग, गुजरातीत साग, कन्नडात तेग आणि सागुवानीही. पोर्तुगिजांनी मल्याळम शब्द उचलला आणि इंग्रजांचा 'टीक' झाला. आमची पेटी कर्नाटकातल्या लाकडाची, मराठी घरात वापरलेली आणि गुजरातेत पुरातून वाचलेली.

तर पेटीचे काय झाले?

वखारीवाल्याला भाच्याने स्वतःच फोन करून नाही सांगितले. मी घेऊन जातो म्हटले, तर तोच म्हणाला, "नको मामा. राहू दे इथेच." सूनबाईने तोडगा काढला. पेटी गॅलरीत खिडकीखाली ठेवायची, वर गादी टाकायची, म्हणजे बसायला बाकही झाला आणि आत सामानही राहिले. मिस्त्री रंधा मारायला निघाला, तेव्हा अक्काने त्याचा हात धरला. "फक्त पुसा," ती म्हणाली. भाच्याची पाच वर्षांची मुलगी तोवर पेटीच्या आत शिरून बसली होती. तिला मोबाइलच्या उजेडात रेषा मोजायच्या होत्या. तिला वीसपर्यंतच येते. वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करत होती.

अप्पांचा कागद भाच्याने फाडला नाही. पिशवीत घालून पुन्हा वरच्या कप्प्यात ठेवला. मी रिकाम्या हाताने परतलो आणि प्रवासात मला त्याचे वाईट वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. स्टेशनवर सोडायला अक्का आली होती. गाडी सुटताना तिला आठवण झाली आणि खिडकीतून डबा आत सरकवत तिने विचारले, "तम्मा, ऊटा?"

सुटीनंतरच्या पहिल्या तासाला मी त्या मागच्या बाकावरच्या मुलाला उभे केले. म्हटले, माझे उत्तर अर्धे चुकले होते. ओक म्हणजे साग नव्हे. कुळ वेगळे, पान वेगळे, मुलूख वेगळा. भाषांतर करताना ओकला ओकच म्हणा. पण त्या कवीच्या गावात घर, जहाज आणि पिढ्या मोजायला जे झाड होते, ते आपल्या गावात कुठले, असे विचारशील तर उत्तर साग.

वाचकहो, तुमच्या घरी आजोळची एखादी पेटी, पाट, जुन्या घराचे तुळईचे लाकूड असेल. ते विकायचे की ठेवायचे हा तुमचा प्रश्न, जागेची अडचण मला कळते. विकण्याआधी एकदा मुलांना घेऊन बसा आणि त्याची कड घासून रेषा मोजा. आणि वीस वर्षांत अमुक पट करून देतो, असे सांगणारा कोणी दारात आला, तर त्यालाही त्या लाकडाजवळ बसवा आणि मोजायला सांगा.